हंगेरीतील रेल्वे, शाळा व संघटनांचे ध्वज : एक ऐतिहासिक अभ्यास (१८४८ ते २०११)

सारांश

राष्ट्रध्वजाच्या इतिहासावर विपुल लेखन झालेले आहे. परंतु रेल्वे, शाळा, गायनमंडळे, अग्निशमन पथके व कामगार संघटना यांच्या ध्वजांकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात हंगेरी या मध्य युरोपीय देशातील अशा संस्थात्मक ध्वजांचा १८४८ पासूनचा प्रवास तपासला आहे. संस्थेचा ध्वज हा सभासदांचा की राज्यसंस्थेचा, हा प्रश्न हंगेरीच्या आधुनिक इतिहासात पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आणि प्रत्येक राजवटीने त्याचे वेगळे उत्तर दिले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : हंगेरी, तिरंगा, माव, संस्थाध्वज, ध्वजमाता, झाप्रेशिच, देशध्वज, फिरता ध्वज.

प्रस्तावना

ध्वज हे सत्तेचे प्रतीक मानले जाते. किल्ल्यावर कोणाचे निशाण आहे यावरून किल्ला कोणाचा हे ठरते, ही समजूत सर्वत्र आढळते. तथापि एकोणिसाव्या शतकात युरोपात सार्वजनिक संस्थांचा विस्तार झाला आणि ध्वज किल्ल्यावरून व रणभूमीवरून खाली उतरून रेल्वे स्थानकाच्या छपरावर, शाळेच्या सभागृहात आणि कारागिरांच्या मिरवणुकीत आला. ज्या माणसाने कधी युद्ध पाहिले नाही, त्याच्या जीवनातही ध्वजाला स्थान मिळाले. हंगेरीत हा बदल विशेष ठळकपणे दिसतो. एक तर हा देश अनेक भाषिक समूहांचा होता. आणि दुसरे असे की, १८४८ ते १९९० या काळात तेथे राज्यव्यवस्था अनेकदा बदलली. राज्यव्यवस्था बदलली की स्थानकावरचे निशाण बदलत असे. मात्र संस्थेच्या कपाटातील ध्वजाचे काय करावयाचे, हा प्रश्न तितक्या सहजतेने सुटत नसे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) हंगेरीतील संस्थात्मक ध्वजपरंपरेचे स्वरूप समजून घेणे. २) रेल्वे व शाळा या दोन संस्थांच्या संदर्भात ध्वज आणि राज्यसंस्था यांतील संबंधांचा शोध घेणे. ३) राजवटींच्या बदलांचा संघटनांच्या ध्वजांवर झालेला परिणाम अभ्यासणे, ही प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे आहेत. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून हंगेरीतील कायद्यांच्या तरतुदी व सर्वमान्य ऐतिहासिक घटना यांचा आधार घेतला आहे. वेगवेगळ्या संस्थांच्या ध्वजांचे रंग व आकार यांची जंत्री देणे हा येथे उद्देश नाही. त्या ध्वजांभोवती कोणते हक्क, विधी आणि संघर्ष उभे राहिले हे पाहणे हा उद्देश आहे.

‘झास्लो’ आणि ‘लोबोगो’ : दोन शब्द, दोन संकल्पना

हंगेरियन भाषेत ध्वजासाठी दोन शब्द आहेत. ‘झास्लो’ म्हणजे काठीला कायमचा जोडलेला ध्वज. तो एकमेव असतो, रेशमाचा असतो, त्यावर भरतकाम असते, तो हातात धरून मिरविला जातो आणि एरवी आत जपून ठेवला जातो. ‘लोबोगो’ म्हणजे दोरीने स्तंभावर चढविले जाणारे निशाण. ते ऊनपावसात फडकते, फाटते, विटते, आणि फाटले की त्याच्या जागी त्याच नमुन्याचे दुसरे येते. मराठीत ध्वज, झेंडा, निशाण, पताका असे अनेक शब्द असले तरी हा भेद आपल्याकडे शब्दांत इतका काटेकोर नाही. म्हणून या निबंधात पहिल्या प्रकारासाठी ‘संस्थाध्वज’ आणि दुसऱ्यासाठी ‘निशाण’ हे शब्द योजले आहेत.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. निशाण हे ज्या सत्तेचे चिन्ह असते तिची घोषणा करते. ते कोणत्याही इमारतीवर लावता येते आणि त्याला स्वतःचा इतिहास नसतो. संस्थाध्वजाला मात्र जन्मतारीख असते, तो कोणी दिला हे ठाऊक असते, तो कोणी उचलला हे लक्षात ठेवले जाते. रेल्वे, शाळा व इतर संघटना या दोन्हींच्या मध्ये उभ्या होत्या. त्यांच्या इमारतीवर राज्याचे निशाण होते आणि त्यांच्या सभागृहात सभासदांचा ध्वज होता. पुढील सर्व विवेचन या दुहेरी स्थितीभोवती फिरते.

१८४८ चा कायदा व त्याची पार्श्वभूमी

लाल, पांढरा व हिरवा हे हंगेरीचे राष्ट्रीय रंग म्हणून १८४८ च्या क्रांतीत प्रस्थापित झाले. ११ एप्रिल १८४८ रोजी राजाची संमती मिळालेल्या कायद्यांपैकी एकविसावा कायदा राष्ट्रीय रंग व देशाचे राजचिन्ह यांसंबंधी होता. सर्व सार्वजनिक इमारती व सार्वजनिक संस्थांवर, सर्व सार्वजनिक समारंभप्रसंगी, तसेच सर्व हंगेरियन जहाजांवर राष्ट्रीय निशाण व राजचिन्ह वापरावे, अशी तरतूद त्यात होती. येथे दोन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, कायद्याने ‘सार्वजनिक संस्था’ हा घटक ध्वजाशी जोडला. दुसरी अशी की, याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने हंगेरीला जोडलेल्या प्रदेशांना राष्ट्रीय रंगांसोबत स्वतःचे रंग व चिन्ह वापरण्याची मोकळीक दिली. हे जोडलेले प्रदेश म्हणजे प्रामुख्याने क्रोएशिया होय.

१८४९ मध्ये हंगेरीचा स्वातंत्र्यलढा चिरडला गेला आणि ऑस्ट्रियन एकतंत्री राजवटीत तिरंगा बंदीच्या छायेत गेला. १८६७ च्या समझोत्यानंतर ऑस्ट्रिया-हंगेरी हे दुहेरी राज्य अस्तित्वात आले व तिरंगा पुन्हा उघडपणे फडकू लागला. मात्र दुहेरी राज्यात प्रतीकांचा प्रश्न गुंतागुंतीचाच राहिला. १८६९ मध्ये व्यापारी जहाजांसाठी जे निशाण स्वीकारले गेले, त्यात ऑस्ट्रियाचे लाल-पांढरे-लाल आणि हंगेरीचे लाल-पांढरे-हिरवे पट्टे एकत्र जोडले होते. समुद्रावर असा मध्यम मार्ग काढणे शक्य झाले. रेल्वेच्या बाबतीत तसे घडले नाही.

रेल्वे आणि निशाण : क्रोएशियातील संघर्ष

हंगेरीतील पहिली वाफेच्या इंजिनाची रेल्वे १५ जुलै १८४६ रोजी पेश्त ते वाट्स या मार्गावर सुरू झाली. आरंभीच्या कंपन्या खाजगी होत्या. १८६८ मध्ये राज्याने उत्तरेकडील अडचणीत आलेली एक कंपनी विकत घेतली आणि त्यातून ‘हंगेरियन शाही राज्य रेल्वे’ ही संस्था उभी राहिली. तिच्या हंगेरियन नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘माव’ या नावाने ओळखली जाते. १८८६ पासून सार्वजनिक बांधकाम व दळणवळण खात्याचे आणि १८८९ पासून व्यापार खात्याचे मंत्री असलेले गाबोर बारोश यांनी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण पुढे नेले. १ ऑगस्ट १८८९ पासून त्यांनी अंतरानुसार विभाग पाडून प्रवासभाडे आकारण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे दूरचा प्रवास सामान्यांच्या आवाक्यात आला. पंख लावलेले चाक हे रेल्वेचे चिन्ह टोपीवर व गणवेशावर झळकू लागले. ज्या गावात राज्याचे दुसरे कार्यालय नव्हते, तेथेही रेल्वेचे स्थानक होते. म्हणजेच अनेक गावकऱ्यांच्या दृष्टीने राज्यसंस्था म्हणजे स्थानक, आणि राज्यसंस्थेचे निशाण म्हणजे स्थानकावरचे निशाण, अशी स्थिती निर्माण झाली.

या स्थितीचे परिणाम क्रोएशियात दिसून आले. १८६८ च्या हंगेरी-क्रोएशिया समझोत्याने अंतर्गत प्रशासन, शिक्षण व न्याय हे विषय क्रोएशियाच्या स्वायत्ततेत ठेवले. रेल्वे, टपाल, तारायंत्र व व्यापार हे विषय मात्र सामायिक ठरले. याच समझोत्याने स्वायत्त विषयांत क्रोएशियाला स्वतःचे रंग व चिन्ह वापरण्याचा अधिकार दिला, तर सामायिक विषयांचे चिन्ह म्हणून हंगेरी व क्रोएशिया यांचे संयुक्त राजचिन्ह सांगितले. एवढेच नव्हे, तर सामायिक विषयांची चर्चा सुरू असताना संसदेच्या इमारतीवर हंगेरियन निशाणाशेजारी क्रोएशियाचे निशाणही लावले जावे अशी तरतूद होती. म्हणजे संसदेच्या छपरावर काय फडकावे हे कायद्याने तपशिलात सांगितले होते. झाग्रेबच्या परिसरातील एखाद्या छोट्या स्थानकावर मात्र प्रत्यक्ष वर्चस्व बुडापेस्टहून चालणाऱ्या रेल्वेचे होते.

१६ ऑक्टोबर १८९५ रोजी सम्राट फ्रान्झ जोसेफ झाग्रेबच्या भेटीवर असताना विद्यार्थ्यांनी भर चौकात हंगेरियन तिरंगा जाळला. या विद्यार्थ्यांत पुढे क्रोएशियाच्या शेतकरी चळवळीचे नेते झालेले स्त्येपान रादिच हेही होते. त्यांना शिक्षा झाल्या, विद्यापीठातून काढण्यात आले आणि त्यांपैकी काहींनी प्रागला जाऊन शिक्षण घेतले. पुढे १९०३ च्या मार्च महिन्यात झाग्रेब येथील रेल्वे कार्यालयाच्या इमारतीवरील हंगेरियन भाषेतील फलकावरून निदर्शने झाली. त्यानंतर ११ एप्रिल १९०३ रोजी झाग्रेबजवळील झाप्रेशिच येथे स्थानकावर लावलेल्या हंगेरियन निशाणाविरुद्ध जमाव उसळला, गोळीबार झाला व त्यात जीवितहानी झाली. ही तारीख योगायोगाची नव्हे. १८९८ च्या एका कायद्याने ११ एप्रिल हा १८४८ च्या कायद्यांचा स्मृतिदिन राष्ट्रीय सण ठरविला होता. सणाच्या दिवशी सार्वजनिक इमारतीवर निशाण लावणे हा हंगेरियन अधिकाऱ्याच्या दृष्टीने नित्याचा नियम होता. क्रोएशियन शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो आपल्या भूमीवरील परक्या सत्तेचा उच्चार होता.

येथे एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. ज्या १८४८ च्या कायद्याच्या स्मरणार्थ ते निशाण चढविले गेले, त्याच कायद्याने जोडलेल्या प्रदेशांना स्वतःचे रंग वापरण्याची मोकळीक दिली होती. कायद्याच्या दोन कलमांपैकी एकाचे स्मरण ठेवले गेले व दुसऱ्याचा विसर पडला. १९०३ च्या या आंदोलनानंतर वीस वर्षे क्रोएशियाचा कारभार पाहणारे बान क्वेन-हेदरवारी यांना झाग्रेब सोडावे लागले. ते हंगेरीचे पंतप्रधान झाले. तरीही प्रश्न मिटला नाही. १९०७ च्या रेल्वे सेवाविषयक कायद्याने रेल्वे कर्मचाऱ्यांना हंगेरियन भाषा येणे आवश्यक ठरविले व ते क्रोएशियातील मार्गांनाही लागू केले, तेव्हा संसदेत क्रोएशियन प्रतिनिधींनी प्रदीर्घ अडथळा आणला. निशाण, फलक व भाषा हे तिन्ही वाद रेल्वेभोवतीच घडले. रेल्वे ही सामायिक सेवा होती, परंतु तिचे दृश्य रूप सामायिक नव्हते, हे त्यामागील कारण होय.

शाळेचा ध्वज व पिढ्यांची साखळी

हंगेरीतील शैक्षणिक परंपरा जुनी आहे. शारोशपाताक येथील प्रॉटेस्टंट विद्यालय १५३१ पर्यंत, तर देब्रेत्सेन येथील विद्यालय १५३८ पर्यंत मागे जाते. १८६८ च्या अडतिसाव्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शाळा वाढल्या, परंतु त्यांपैकी बहुसंख्य चर्चच्या अखत्यारीत होत्या. त्यामुळे धार्मिक चिन्हे व राष्ट्रीय रंग यांचे शाळेच्या वातावरणात सहअस्तित्व होते. कॅथलिक परंपरेच्या ध्वजांवर ‘हंगेरीची संरक्षक’ मानल्या गेलेल्या मेरीमातेची प्रतिमा वारंवार येते.

शाळेच्या ध्वजाचा सर्वांत हृद्य उपयोग निरोप समारंभात दिसतो. शेवटच्या वर्गातील विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, गात, वर्गावर्गांतून फिरून शाळेचा निरोप घेतात. या प्रथेस ‘बॉल्लॉगाश’ म्हणतात. त्यांच्या खांद्याला छोटी झोळी असते व तीत मूठभर माती, मीठ, खारी पोळी व एखादे नाणे यांसारख्या वस्तू असतात. या प्रथेचे मूळ शेल्मेत्सबान्या येथील खाणकाम व वनविद्या अकादमीच्या विद्यार्थिजीवनात आहे. समारंभात बाहेर पडणारा वर्ग शाळेच्या ध्वजाला आपली फीत बांधतो आणि ध्वज धाकट्या वर्गाच्या हाती सोपवतो. अशा रीतीने एकाच काठीवर वर्षांमागून वर्षांच्या फिती जमा होतात. शाळेचे हजेरीपट एखाद्या कपाटात पडून राहतात, पण ध्वजावरच्या फिती दरवर्षी सर्वांसमोर येतात. संस्थाध्वज हा संस्थेचा दृश्य इतिहास असतो असे जे म्हटले जाते, ते येथे शब्दशः खरे ठरते.

शेल्मेत्सबान्याच्या अकादमीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतर हे शहर चेकोस्लोव्हाकियाकडे गेले. अकादमी १९१९ मध्ये शॉप्रॉन या पश्चिमेकडील शहरात हलविण्यात आली. शहर गेले, इमारत गेली, परंतु विद्यार्थ्यांनी आपले गणवेश, गाणी व रीतिरिवाज बरोबर नेले. १४ ते १६ डिसेंबर १९२१ या दिवशी शॉप्रॉन व परिसरात जनमत घेण्यात आले व शहराने हंगेरीत राहण्याचा कौल दिला. त्या काळातील घडामोडींत हे विद्यार्थी सक्रिय होते. संस्था ही केवळ इमारत नसून ती रीतिरिवाजांत टिकते, याचे हे उदाहरण होय.

संघटनांचे ध्वज : ध्वजमाता, खिळे व फिती

हंगेरीत मध्ययुगापासून कारागिरांच्या श्रेणी होत्या व प्रत्येक श्रेणीचा ध्वज चर्चच्या मिरवणुकीत असे. १८७२ च्या उद्योगविषयक कायद्याने या श्रेणी रद्द केल्या. परंतु ध्वजाची रीत नाहीशी झाली नाही. ती नव्या संघटनांनी उचलली. १८६६ मध्ये शॉप्रॉन येथे स्वयंसेवी अग्निशमन पथक स्थापन झाले. १८६७ मध्ये आराद येथे गायनमंडळांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १८८४ च्या कायद्याने कारागिरांची व्यवसायमंडळे अस्तित्वात आली. वाचनमंडळे, मदतनिधी संस्था व कामगार संघटना यांचीही वाढ झाली. यांपैकी बहुतेकांनी संघटना स्थापन झाल्यावर शक्य तितक्या लवकर स्वतःचा ध्वज करून घेणे हे कर्तव्य मानले. अग्निशामकांच्या ध्वजावर संत फ्लोरियन, खाणकामगारांच्या ध्वजावर संत बार्बरा असे आश्रयदाते संत येत. ध्वजाची एक बाजू संताची व दुसरी देशाच्या राजचिन्हाची, अशी विभागणी सर्रास आढळते.

या ध्वजांच्या प्रतिष्ठापनेचा विधी विशेष अभ्यसनीय आहे. एखादी प्रतिष्ठित स्त्री ‘ध्वजमाता’ होण्याचे स्वीकारी. ती स्वखर्चाने भरतकाम केलेली फीत देई व ती ध्वजाला बांधली जाई. त्यानंतर ध्वजाच्या काठीत खिळे ठोकण्याचा विधी असे. प्रत्येक देणगीदार व प्रत्येक पाहुणी संघटना आपल्या नावाचा धातूचा खिळा काठीत ठोकी. धर्मगुरू ध्वजाला आशीर्वाद देत. या विधीचा अर्थ स्पष्ट आहे. ध्वजाचा खर्च अनेकांनी उचलला, हे कागदावर नोंदविण्याऐवजी काठीवरच नोंदविले गेले. सभासदत्व, वर्गणी व सन्मान यांचा हिशेब एका वस्तूत सामावला. ध्वज कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर खिळ्यांवरील नावांत होते.

रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही स्थिती गुंतागुंतीची होती. ते राज्याचे नोकर होते आणि त्याच वेळी स्वतःच्या संघटना बांधणारे कामगारही होते. एप्रिल १९०४ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांनी वेतन व सेवाशर्तींसाठी देशव्यापी संप केला. इश्त्वान तिसा यांच्या सरकारने संपकऱ्यांना लष्करी सेवेत बोलावून घेण्याचा मार्ग अवलंबिला व संप मोडला. कालपर्यंत रेल्वेचा गणवेश घालणारा माणूस एका आदेशाने सैनिक ठरला. राज्याचे निशाण आणि कामगारांचा ध्वज या दोहोंत कोणाची निष्ठा वरचढ, याचा निवाडा सरकारने सक्तीने केला. मात्र रेल्वेची सामूहिक ओळख नोकरीबाहेरही रुजली. देब्रेत्सेनच्या प्रसिद्ध फुटबॉल संघाच्या नावातील आद्याक्षरांत आजही ‘रेल्वे कर्मचारी’ या अर्थाचा शब्द आहे आणि त्याचे लाल-पांढरे रंग शहराची ओळख बनले आहेत.

१९१९ ते १९४५ : अर्ध्यावर उतरविलेले निशाण

मार्च ते ऑगस्ट १९१९ या काळातील सोव्हिएत प्रजासत्ताकात १३३ दिवस लाल निशाण अधिकृत ठरले. त्यानंतर ४ जून १९२० च्या त्रियानॉन तहाने, क्रोएशिया वगळता सुमारे २,८२,००० चौरस किलोमीटर असलेले हंगेरीचे क्षेत्रफळ सुमारे ९३,००० चौरस किलोमीटरवर आले. रेल्वेवर याचा घाव थेट बसला. ज्या उत्तरेकडील मार्गापासून मावची सुरुवात झाली, त्याचे रुत्का हे टोकच सीमेपलीकडे गेले. ज्योर–शॉप्रॉन–एबेनफुर्ट ही कंपनी तर नव्या सीमेच्या दोन्ही बाजूंना विभागली गेली. पुढे लोखंडी पडद्याच्या काळातही ती हंगेरी व ऑस्ट्रिया या दोन देशांत एक कंपनी म्हणून चालू राहिली.

या आघाताला दृश्य रूप मिळाले ते ‘देशध्वज’ चळवळीत. नांदोर उर्मांत्सी यांच्या पुढाकाराने २० ऑगस्ट १९२८ रोजी बुडापेस्टच्या स्वातंत्र्य चौकात देशध्वजाचे स्मारक उघडण्यात आले. त्याच्या पायथ्याशी जुन्या हंगेरीच्या विविध भागांतून आणलेली माती ठेवली होती आणि निशाण कायम अर्ध्यावर उतरविलेले असे. पुढील वर्षांत शेकडो गावांनी अशी स्मारके उभारली. शाळांत दररोज ‘हंगेरियन श्रद्धावचन’ म्हटले जाई व त्यात अखंड हंगेरीवरील श्रद्धा व्यक्त होई. १९२१ च्या शारीरिक शिक्षणविषयक कायद्यातून १२ ते २१ वयाच्या मुलांसाठी ‘लेव्हेंते’ संघटना उभी राहिली आणि लष्करी शिस्तीचे ध्वज मुलांच्या हाती आले. याच काळात, ऑगस्ट १९३३ मध्ये गोदोल्लो येथे जागतिक बालवीर मेळावा भरला. सुमारे २६,००० बालवीर जमले होते आणि मेळाव्याचे चिन्ह हंगेरियन आख्यायिकेतील पांढरे हरीण हे होते. एकाच दशकात एकाच पिढीच्या मुलांसमोर बंधुत्वाचे चिन्ह आणि गमावलेल्या भूमीचे निशाण अशी दोन्ही उभी होती. शोकाचे रूपांतर सूडाच्या अपेक्षेत होण्यास अर्ध्यावरच्या निशाणाने हातभार लावला आणि ती अपेक्षा देशाला दुसऱ्या महायुद्धात घेऊन गेली, हे विसरता येत नाही. १९४५ मध्ये स्वातंत्र्य चौकातील देशध्वज हटविण्यात आला व तेथे सोव्हिएत सैनिकांचे स्मारक उभे राहिले.

१९४५ ते १९८९ : फिरता ध्वज

जुलै १९४६ मध्ये गृहमंत्री लास्लो रॉय्क यांच्या आदेशाने मोठ्या संख्येने संघटना बरखास्त झाल्या. जून १९४८ च्या कायद्याने सुमारे ६,५०० शाळा चर्चकडून राज्याकडे गेल्या. संघटना गेली की तिचा ध्वज निराधार होई. संत व राजमुकुट असलेले ध्वज मिरविणे आता शक्य नव्हते. २० ऑगस्ट १९४९ च्या संविधानाने हातोडा, गव्हाची लोंबी व लाल तारा असलेले नवे राजचिन्ह आणले व ते तिरंग्याच्या मध्यभागी आले.

या काळातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वस्तू म्हणजे ‘लाल फिरता ध्वज’ होय. समाजवादी श्रमस्पर्धेत पहिल्या आलेल्या कारखान्याला, खाणीला किंवा रेल्वेच्या विभागाला मंत्रिमंडळ व कामगार संघटनांची राष्ट्रीय परिषद यांच्या वतीने असा ध्वज दिला जाई. पुढील वेळी दुसरा घटक पुढे गेला तर ध्वज त्याच्याकडे जाई. जुन्या संस्थाध्वजाशी त्याची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. पूर्वीचा ध्वज सभासदांनी वर्गणीतून केलेला, त्यांच्या नावांच्या खिळ्यांनी जडलेला व कायम त्यांचा होता. फिरता ध्वज वरून मिळत असे, उत्पादनाच्या आकड्यांवर अवलंबून असे व काढून घेता येई. ध्वजाचे बाह्य रूप तेच, काठी व रेशीम तेच, पण मालकी मात्र उलटी झाली होती.

रेल्वे आणि शाळा या दोन्ही संस्था एकत्र आल्याचे उदाहरण म्हणजे बुडापेस्टच्या टेकड्यांवरील मुलांची रेल्वे. ३१ जुलै १९४८ रोजी तिचा पहिला टप्पा सुरू झाला व १९५० मध्ये ती पूर्ण झाली. ७६० मिलिमीटर रुंदीच्या, ११ किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या या मार्गावर शाळकरी मुले मोठ्यांच्या देखरेखीखाली तिकिटे देतात, सिग्नल सांभाळतात व गाड्यांना इशारा देतात. मात्र इंजिन प्रौढ चालकच चालवतो. आरंभी ती बाल-अग्रदूत संघटनेची रेल्वे होती व लाल गळपट्टी हे तिचे ठळक चिन्ह होते. राजवट बदलल्यानंतर संघटनेचे नाव व गळपट्टी गेली. मुलांचे काम मात्र तसेच चालू राहिले.

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चातून क्रांतीचा उद्रेक झाला. परकीय धर्तीचे राजचिन्ह बदलून कोशूतकालीन चिन्ह आणावे, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. लोकांनी मागणीच्या मंजुरीची वाट पाहिली नाही. त्यांनी तिरंग्याच्या मध्यातील राजचिन्ह कात्रीने वा चाकूने कापून टाकले. मधोमध भोक असलेले हे निशाण क्रांतीचे प्रतीक ठरले. ‘लोबोगो’ म्हणजे कोणत्याही इमारतीवर लावता येणारे, स्वतःचा इतिहास नसलेले निशाण, असे आपण आरंभी म्हटले. त्या दिवशी मात्र ज्याने ज्या निशाणाला भोक पाडले, ते त्याचे स्वतःचे झाले. क्रांती दडपली गेली. १९५७ मध्ये नवे राजचिन्ह आले, परंतु तिरंग्याच्या मध्यभागी ते पुन्हा घालण्यात आले नाही. राजवटीनेही भोकाचा धडा काही अंशी घेतला, असे म्हणता येईल.

१९८९ नंतर

२३ ऑक्टोबर १९८९ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि जुलै १९९० मध्ये मुकुटासह ऐतिहासिक राजचिन्ह परत आले. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य मिळाल्यावर बालवीर, चर्चच्या शाळा व स्थानिक मंडळे पुन्हा उभी राहिली. त्यांच्याबरोबर ध्वजाच्या प्रतिष्ठापनेचा विधी, ध्वजमाता आणि फितीही परत आल्या. २००० च्या शासकीय आदेशाने सार्वजनिक इमारतींवर निशाण लावण्याचे नियम ठरविले. त्यात निशाणाची नियमित स्वच्छता व बदल यांचीही तजवीज आहे. २०११ च्या कायद्याने राजचिन्ह व ध्वज यांच्या वापराची नवी चौकट घालून दिली. निशाण बदलावे व ध्वज जपावा, हा जुना भेद आता कायदा व प्रथा या दोहोंत विभागलेला दिसतो.

निष्कर्ष

१) १८४८ च्या कायद्याने सार्वजनिक संस्था व राष्ट्रीय निशाण यांचा संबंध जोडला. पुढील सर्व वाद या संबंधाच्या अर्थाविषयीचे होते.

२) रेल्वे ही सामायिक सेवा असूनही तिचे दृश्य प्रतीक एका राष्ट्राचेच राहिले, तेव्हा झाप्रेशिचसारख्या छोट्या स्थानकावरही रक्त सांडले. बहुभाषिक राज्यात संस्थेच्या छपरावर कोणते निशाण असावे, हा गौण प्रश्न नसतो.

३) शाळांच्या फिती व संघटनांच्या काठीवरील खिळे हे इतिहासाचे साधन आहे. लिखित दप्तरात न सापडणारी सामान्य सभासदांची नावे व पिढ्यांचे सातत्य त्यांतून समोर येते.

४) एकपक्षीय राजवटीने ध्वज नाहीसा केला नाही. तिने त्याची मालकी बदलली. फिरता ध्वज हा या बदलाचा स्पष्ट पुरावा होय.

५) शोकाचे प्रतीकही निरुपद्रवी असत नाही, हे दोन महायुद्धांमधील देशध्वज चळवळीवरून दिसून येते.

एकंदरीत, राष्ट्रध्वजाचा इतिहास राजधानीत लिहिला जातो, तर संस्थांच्या ध्वजांचा इतिहास स्थानकावर, वर्गात व सभागृहात घडतो. हंगेरीच्या उदाहरणावरून असे म्हणता येते की, ज्या ध्वजासाठी माणसांनी स्वतः वर्गणी दिली व ज्याला स्वतःच्या हाताने फीत बांधली, त्याची रीत राजवटी बदलल्या तरी पुन्हा उभी राहते. वरून लादलेले निशाण मात्र, ते झाप्रेशिचच्या स्थानकावरचे असो वा १९५६ च्या बुडापेस्टमधले, लोक पहिल्या संधीला उतरवतात किंवा त्याला भोक पाडतात.